थोटे मित्र मंडळ

शिवाजीच्या चहाच्या टपरीवर पत्र्याची पाटी होती, 'थोट्याचा चहा'. अक्षरं त्यानं स्वतः रंगवलेली, तीही डाव्या हातानं, म्हणून जरा कलंडलेली. नवं गिऱ्हाईक पाटी वाचून गडबडायचं, मग शिवाजीचा उजवा हात मनगटापाशीच संपलेला बघून आणखी गडबडायचं, आणि शिवाजीला नेमकी त्याचीच मजा वाटायची.

बावीस वर्षांपूर्वी तो करमाळ्याकडून पोट भरायला बोईसरला आला आणि एका रोलिंग मिलमध्ये लागला. दुसऱ्याच वर्षी सळईबरोबर हात रोलरमध्ये गेला. कालपरवापर्यंत 'शिवाजीराव' म्हणणारा कंत्राटदार, तो दवाखान्यातून परत आला त्या दिवशी म्हणाला, "ए थोट्या, बाजूला हो." मग घरमालक, वाणी, रिक्षावाले, गल्लीतली पोरंटोरं, सगळ्यांनी तेच धरलं. आईबापांनी बारसं करून ठेवलेलं नाव एका पाळीत गेलं. सात वर्षं शिवाजीनं ते खालमानेनं ऐकून घेतलं. मग एका दिवाळीत त्यानं लाल रंगाचा डबा आणला आणि तेच नाव आपल्या टपरीवर लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो कंत्राटदार चहाला आला, पाटी वाचली, आणि त्याला हाक मारायला शब्दच उरला नाही. बराच वेळ घसा खाकरून तो म्हणाला, "ओ शिवाजीराव, एक कटिंग द्या."

तेव्हापासून शिवाजीचं एक तत्त्वज्ञान तयार झालं. कुत्रं दुसऱ्याच्या हातात असलं की चावतं, आपल्या दारात बांधलं की राखण करतं, शिवीचंही तसंच आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. माणसाला एकदा एखादं औषध लागू पडलं की तो ते साऱ्या गावाला पाजत सुटतो. शिवाजी काही वेगळा नव्हता.

त्या औषधातूनच थोटे मित्र मंडळ निघालं. तारापूरच्या कारखान्यांत बोटं, पंजे, हात घालवून बसलेले तीसेक लोक सुट्टीच्या दिवशी टपरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमायचे. कोणाचं प्रेसवर गेलेलं, कोणाचं कन्व्हेयरमध्ये, मुरबे गावच्या कृष्णकांतची तीन बोटं कागद कापायच्या मशीनवर गेलेली. सरकारी कागदावर त्यांना 'दिव्यांग' म्हणत. "अंग मालकानं नेलं, दिव्य तेवढं आपल्याला ठेवलं," असं शिवाजी म्हणायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. लेबर ऑफिसात मात्र हे लोक रांगेनं शिरून "थोटे आलेत साहेब" म्हणाले की कारकून खुर्चीवरून उठायचा. मालकांचे वकील चपापायचे. बारा वर्षांत मंडळानं कितीतरी अडलेल्या भरपाया सोडवून घेतल्या, हे कुणालाही नाकारता येणार नाही.

मंडळाची एक रीत होती. नवा माणूस आला की त्यानं मधोमध उभं राहायचं, गेलेला हात वर करायचा आणि म्हणायचं, "मी अमुक अमुक, थोटा." मग सगळ्यांनी आपापले तुटके हात पत्र्यावर बडवायचे. कित्येक गडी तिथं ढसाढसा रडले होते आणि रडून हलके होऊन घरी गेले होते. शिवाजीला ते बघायला फार आवडायचं.

मिथुन आला तो ह्या वर्षीच्या होळीनंतर. विक्रमगडकडच्या एका पाड्यावरचा, चोवीस वर्षांचा, बोलायला बेताचा. पॉवर प्रेसनं त्याच्या डाव्या हाताची चारही बोटं नेली होती, अंगठा तेवढा राहिला होता. हाताला स्वच्छ पांढरी पट्टी होती. रीतीप्रमाणे शिवाजीनं त्याला मधे उभं केलं.

"मी मिथुन," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि काय नाय. मिथुन."

लोक हसले. शिवाजीनंही हसण्यावारी नेलं. लाजतोय, दोन बैठका होऊ देत, असं त्याला वाटलं.

दोन काय, आठ बैठका झाल्या. मिथुन नेमानं यायचा, कागदांवर सह्या करायचा, दुसऱ्यांच्या सुनावणीला जाऊन बसायचा, पण तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना आणि ती पट्टीही निघेना. जखम भरून दोन महिने उलटले होते. कृष्णकांतनं एकदा त्याच्या खोलीवर बघितलं, तर दोरीवर दुसरी पट्टी धुऊन वाळत घातलेली. सुट्टीच्या दिवशी जुनी सोडायची, धुतलेली गुंडाळायची, असा क्रम होता. शिवाजीला हे कळलं तेव्हा त्याचं डोकं फिरलं. त्यानं मिथुनला टपरीवर एकट्याला गाठलं.

"ही पट्टी कुणासाठी रे?"

मिथुननं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "घरी सांगलंय, लागलंय, पट्टी हाय. दीपालीलापन तेच सांगलंय." दीपाली म्हणजे त्याची ठरलेली बायको, शेजारच्या पाड्यावरची. होळीआधीच सुपारी फुटली होती, लग्न पुढच्या उन्हाळ्यात होतं. "दिवाळीला जाईन तवा तिला दावीन. आधी मी दावीन, मंग लोकांनी काय बोलायचं ते बोलू दे."

"दिवाळीपर्यंत काय बोटं उगवणारेत?"

"नाय उगवणार. म्हाइत हाय मला."

"मग म्हणून टाक ना एकदा. म्हटलं की सुटतं. माझ्याकडं बघ."

"तुमचं सुटलं काका, बरं झालं," मिथुन म्हणाला. "पन मला तो शब्द नको. तुमी आपसात बोला, मला त्याचा राग नाय. मला मिथुन म्हणा. एवढंच मागतो."

मागणं एवढंसं होतं. पण ज्याला दुसऱ्याला बरं करायची खाज असते त्याला एवढंसं मागणं ऐकू येत नाही. शिवाजी मान डोलावून 'बरं' म्हणाला आणि मनात म्हणाला, पोरगं अजून भित्रं आहे.

गौरी-गणपतीच्या आधी मिथुनच्या केसचा निकाल लागला. मालकानं चार वेळा तारखा पुढं ढकलल्या होत्या, तरी मंडळानं केस ओढून आणली. आता भरपाई मिळाली की मंडळ नवापूर नाक्यावर फ्लेक्स लावायचं, हीसुद्धा रीतच. जिंकलेल्या माणसाचा फोटो, तुटका हात वर केलेला, खाली नाव आणि शुभेच्छुकांचे चेहरे. दुसऱ्या जखमी पोरांना धीर यावा आणि मालकांना घाम फुटावा म्हणून. फ्लेक्स छापायचं काम कृष्णकांतकडं असायचं, कारण तो छापखान्यातच होता.

"फोटो कुठला घालू?" त्यानं विचारलं. "ह्याचा सगळीकडं पट्टीतलाच आहे."

"फाइलमधला घे. मेडिकल बोर्डाला दिलेला."

तो फोटो म्हणजे टेबलावर ठेवलेला उघडा हात, टाके काढल्याच्या दिवशी काढलेला. कृष्णकांत जरा थांबला. "त्याला विचारलंस का, शिवा?"

"विचारायचं काय त्यात? विचारलं तर नाही म्हणेल. एकदा लागला की त्याची भीड आपोआप चेपेल."

भीड चेपेल म्हणे. आठ बाय सहाचा फ्लेक्स लागला. डावीकडं मिथुनचा हसरा चेहरा, उजवीकडं तो हात, चेहऱ्याच्या दुप्पट, आणि मधे पिवळ्या अक्षरांत, 'आपला लाडका थोटा मिथुन याचे हार्दिक अभिनंदन'. खाली शिवाजीचा गॉगल घातलेला फोटो.

नवापूर नाक्यावर सकाळी सातला पाड्यापाड्यांवरून आलेली माणसं रोजंदारीच्या कामासाठी उभी असतात. त्यांत दीपालीचे दोन चुलते होते. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोबाइलवर फोटो काढला. मिथुन दुपारी खोलीतून खाली उतरला तेव्हा कोपऱ्यावरचा केस कापणारा म्हणाला, "काय थोट्या, मोठा माणूस झालास." त्याला काही समजेना. तो नाक्यापर्यंत चालत गेला. रस्त्यापलीकडं उभा राहून त्यानं किती वेळ ते बघितलं ते कुणाला माहीत नाही. संध्याकाळी शिवाजी पेढे घेऊन खोलीवर गेला तर खोलीला कुलूप होतं आणि फोन बंद.

तिसऱ्या दिवशीही कुलूप होतं. शिवाजी म्हणाला, रुसलाय, येईल. पंधरा दिवस झाले तरी तो तेच म्हणत होता, पण म्हणताना ग्लास विसळत राहायचा.

दीपाली आली ती भादव्याच्या शेवटी. सकाळच्या एसटीनं एकटीच आली होती, पाटी वाचून टपरीसमोर उभी राहिली. शिवाजीला वाटलं गिऱ्हाईक आहे.

"मिथुन कुठं हाय?" तिनं विचारलं. "घरी नाय आला. आईलापन फोन नाय. मी दीपाली."

शिवाजीनं तिला बाकडं दिलं, चहा दिला. तिनं चहाला हात लावला नाही. तो बोलायला लागला, की पोरी, हात गेला म्हणजे माणूस जात नाही, तू मन मोठं कर, वगैरे. तिनं त्याला मधेच थांबवलं.

"हाताचा मी काय बोलले? हात गेला तर गेला, आमच्यात काय कुनाचं जात नाय? माझ्या बापाचा डोळा गेला झाडावरनं पडून. मी आईला बोलले, करीन तर त्याच्याशीच करीन." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पन तो मला सांगणार होता. काय तरी सांगायचं हाय, दिवाळीला येतो म्हणलावता. मी वाट बघत होते. त्याच्या आधी चुलत्यानं मोबाइल आणून सगळ्या पाड्याला दावला. आता मी पान्याला गेले का पोरं वराडतात, थोट्याची आली, थोट्याची आली. तुमी तुमच्यासाठी घेतला तो शब्द. आमाला कशाला दिला?"

शिवाजी म्हणजे मालकांच्या वकिलांना गप्प करणारा माणूस, पण त्या पोरीपुढं तो बाकड्यावरची चहाची सांड पुसत राहिला. जाताना ती म्हणाली, "त्याला शोधा. सांगा, दीपाली वाट बघतेय. त्याला काय सांगायचं ते मी त्याच्याकडूनच ऐकीन."

दुपारी त्याची बायको मैनाबाई डबा घेऊन आली. शिवाजीनं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझं चुकलं का गं?" त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. बायका अशा वेळी नाही म्हणतात.

मैनाबाईनं भाकरीचे तुकडे करून ताटलीत ठेवले. "मी तुम्हाला कधी त्या नावानं हाक मारलेली आठवते?"

शिवाजीनं आठवून बघितलं. भांडणात, रागात, चेष्टेत. एवढ्या वर्षांतली एकही वेळ सापडेना.

"पाटी लावलीत तेव्हा मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "तुमचा हात, तुमची टपरी. तुम्हाला त्यानं बळ येत होतं, ते मला दिसत होतं. म्हणून गिळलं. पण बाजारात मला थोट्याची बायको म्हणतात, ते मी मागितलं नव्हतं. तुम्ही कधी विचारलंही नाही."

शिवाजी जेवला नाही. आपल्याच घरात, आपल्याच ताटाशेजारी बसलेल्या माणसाला हे इतकी वर्षं बोचत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, ह्याची त्याला भयंकर लाज वाटली. त्याच दिवशी त्यानं नाक्यावरचा फ्लेक्स उतरवून आणला. पण लोकांच्या मोबाइलमधला कोण उतरवणार?

मग त्यानं शोध सुरू केला. मंडळातल्या लोकांना, कंत्राटदारांना, चहाचे डबे पोचवणाऱ्यांना विचारलं. सफाळ्यापर्यंत माणसं पाठवली. शेवटी कृष्णकांतच्या मावसभावानं खबर आणली, पालघरच्या एका गाळ्यात, दरवाज्याच्या बिजागऱ्या बनवतात तिथं, एक नवा पोरगा आहे, एका हाताला सारखा पांढरा हातमोजा घालतो, जेवतानासुद्धा काढत नाही.

शिवाजी दुसऱ्या दिवशी एसटीनं पालघरला गेला. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत ओळीनं ड्रिल मशिनी होत्या आणि तिसरीवर मिथुन. उजव्या हातानं तो मशीनचा दांडा ओढत होता आणि डाव्या, हातमोज्यातल्या हातानं बिजागरीची लोखंडी पट्टी धरून ठेवत होता. हातमोज्याची चारही बोटं भरलेली, ताठ. लांबून कुणालाही हात पुरा वाटला असता. शिवाजीला मात्र घाम फुटला. फिरत्या ड्रिलवर हातमोजा घालायचा नाही हे हेल्परला पहिल्या दिवशी सांगतात. एक धागा अडकला की मोजा गुंडाळला जातो आणि त्याच्यामागून मनगट. आणि कापसाच्या बोटांना तर ड्रिल कुठवर आलं हे कळणारही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मिथुन बाहेर आला. शिवाजीला बघून तो पळाला नाही, भिंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिला. तो वाळला होता.

"इथं काय सांगितलंयस?" शिवाजीनं हातमोज्याकडं बघत विचारलं.

"खरूज हाय सांगलंय. कुणी माझ्या डब्याला हात नाय लावत, बाजूला बसवतात."

"आणि ते चालतं तुला? खरूज चालते?"

"खरूज बरी होते असं लोक धरून चालतात," मिथुन म्हणाला. "इथं मला मिथुन म्हणतात. खरजेवाला मिथुन म्हणतात, पन मिथुन म्हणतात."

शिवाजीनं त्याची माफी मागितली. त्याला माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळं ती वेडीवाकडीच झाली. मग त्यानं दीपालीचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. मिथुन ऐकताना खाली बसला.

"रविवारी जाईन," तो शेवटी म्हणाला. "तिला सांगा रविवारी येतो. मी दावीन तिला. मीच."

"जा. पण तोवर तो मोजा मशीनवर घालू नको रे. तुझ्या पाया पडतो."

"मोजा काढला तर इथंपन तेच व्हनार. चारच दिवस हायत काका. रविवारी जाऊन आलो का मी सोतानंच सायबाला सांगीन, दुसरं काम द्या म्हणून." त्यानं मान वर केली. "तुमी कुनाला सांगू नका. एकदा तरी माझं ऐका."

"नाही सांगत," शिवाजी म्हणाला. "मैनाबाईची शपथ."

शपथ घेतली खरी, वाटेतूनच दीपालीला फोनवर रविवारचा निरोपही दिला, पण शिवाजी घरी आला तो त्या ड्रिलचा आवाज कानात घेऊन. रोलिंग मिलमध्ये त्याचा हात गेला तेव्हा मुकादम दहा पावलांवर उभा होता आणि त्याला सळई उलटी फिरलेली दिसली होती, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं होतं. ओरडलो असतो तर वाचला असता, म्हणाला होता. त्या माणसाला शिवाजीनं आजवर क्षमा केलेली नव्हती. आता आपणच तो मुकादम झालो, असं त्याला वाटायला लागलं. गुरुवार गेला. शुक्रवारी चहा उतू गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. सांगितलं तर पोरगं जातं, नाही सांगितलं तर उरलेला हात जातो.

शनिवारी सकाळी त्याला एक तोड सुचली, आणि ती सुचल्यावर तो स्वतःवरच खूश झाला. नाव घ्यायचंच नाही. शपथही मोडत नाही आणि हातही वाचतो.

तो सरळ पालघरला गेला आणि गाळ्याच्या सुपरवायझरला भेटला. दिग्विजय नावाचा कोल्हापूरकडचा तरुण इंजिनिअर, नुकताच लागलेला, बोलायला नम्र. शिवाजीनं आपला तुटका हात त्याच्या टेबलावर ठेवला. "साहेब, मी जखमी कामगारांचं काम करतो. गाळ्यागाळ्यांतून फिरतो. ड्रिलवर कुणालाही हातमोजा घालू देऊ नका. एवढंच सांगायला आलो."

दिग्विजयनं त्या हाताकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, अगदी बरोबर बोललात," तो म्हणाला. "मीच हे बघायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात तपासणीही आहे. चला." चांगला माणूस होता. त्यानं एक मिनिटही वाया घालवलं नाही. तो खाली उतरला, मेन स्विच बंद केला, आणि सगळ्या मशिनींची घरघर थांबल्यावर खणखणीत आवाजात म्हणाला, "सगळ्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवा. आत्ता. माझ्यासमोर."

शिवाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर होता. आपण काय केलं हे त्याला तिथं कळलं. तो म्हणाला, "साहेब, थांबा," पण कुणाला ऐकूही गेलं नाही.

तिघाचौघांनी मोजे काढले. मिथुन तसाच उभा होता. दिग्विजय त्याच्यापाशी गेला. "खरूज असू दे, औषध देतो, आधी काढ." मिथुननं एकदा त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून शिवाजीकडं. मग त्यानं मोजा काढून टेबलावर ठेवला. कापूस भरलेली चार बोटं तशीच ताठ राहिली आणि त्याचा हात बाहेर आला, अंगठ्याचा.

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ये तो लूला निकला," आणि दोघंतिघं हसले. दिग्विजय त्यांच्यावर खेकसला. मग मिथुनला खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, दिव्यांग आहेस तर आधी सांगायचंस. दिव्यांग माणसाला मी मशीनवर नाही ठेवू शकत. काही झालं तर मी अडकेन. आजचं काम बंद कर, सोमवारी ऑफिसला भेट." शब्द चांगला होता, आवाजही चांगला होता. मिथुन त्या शब्दानंही तसाच मोडला.

त्यानं डबा उचलला. शटरखालून वाकून तो बाहेर पडला आणि शिवाजी त्याच्यामागं धावला.

"मिथुन, मी नाव नाही घेतलं रे. आईशप्पथ नाही घेतलं."

मिथुन थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "नाय घेतलं काका, म्हाइत हाय," तो म्हणाला. "पन ह्या वेळेलापन तुमी मला इचारलं नाय."

तो रस्ता ओलांडून गेला. शिवाजी हाक मारू शकला असता, पण मारली नाही.

रविवारी शिवाजी स्वतः विक्रमगडला गेला. मनात एक वेडी आशा होती की तो तिथं असेल. मनोरला गाडी बदलली, पुढं जीपनं, मग बांधावरून चालत. भात पोटऱ्यात आलं होतं. दीपालीचं घर विचारत गेला तेव्हा कळलं की सकाळपासून तिची आई अंगण सारवून बसली होती. बाप एका डोळ्यानं वाटेकडं बघत होता.

"तो आला नाय?" दीपालीनं विचारलं.

"नाही," शिवाजी म्हणाला. "आणि येणारही नाही बहुतेक. माझ्यामुळं." मग अंगणात उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं, फोटो, फ्लेक्स, पालघरचा गाळा, आणि कालचं. स्वतःला वाचवायला एक शब्द घातला नाही. बापानं विडी विझवली. आई आत निघून गेली. शिवाजीला वाटलं, आता हाकलतील, आणि हाकललं तर बरं.

दीपालीनं दारात पाय धुवायला पाणी ठेवलं. मग म्हणाली, "उनातनं आलाय. जेवून जा."

"नको पोरी."

"त्याच्यासाठी केलेलं हाय. वाया घालवायचं नाय."

तिनं घरात ताट मांडलं. शेतातल्या खेकड्यांचा रस्सा होता. हात गेल्यापासून त्यानं परक्या घरी खेकडा खाल्ला नव्हता. नांगी फोडायला दोन हात लागतात, आणि एका हातानं ती ताटात सरकत जाते नि लोक बघत नसल्यासारखं करतात. तो नको म्हणणार होता, तेवढ्यात तिनं झाकण काढलं.

रश्शात एकही कवच नव्हतं. नांग्या, पाय, पाठी, सगळं फोडून आतला गर न् गर काढून घेतला होता. पाच-सहा खेकड्यांचा तरी असेल. सकाळभर ती तेच करत बसली असणार. बोटांना काट्यांनी ओरखडे पडले होते.

शिवाजीला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही आणि लपवता आलंही नसतं. दीपालीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, भात वाढला, आणि त्यानं डावा हात ताटात घालेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.